हसू नकात, काका

माझी मिशी सव्वीस वर्षांची आहे. लग्नापेक्षा दोन वर्षांनी मोठी, त्यामुळे घरात तिला थोरल्या जाऊबाईंचा मान आहे. तिच्यावर आजवर पुष्कळ संकटं आली, पण एखादं समुद्राकडून येईल असं वाटलं नव्हतं.

मालवणला आम्ही गेलो ते खरं म्हणजे जेवायला. सिंधुदुर्ग किल्ला बघायचा, दोन वेळा थाळी हाणायची आणि परत फिरायचं. पण मुलीने आधीच फोनवरून स्कूबा, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा घेत समुद्राखाली उतरणं, ठरवून टाकलं होतं. मे महिना होता. पावसाळ्यात हे सगळं बंद. "आत्ता नाही तर मग थेट दिवाळीत," असा तिने दम भरला. ते सेंटर म्हणजे झापांची एक शेड, एक होडी, तीन पोरं आणि दोरीवर वाळत घातलेले वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचे घट्ट रबरी पोशाख. लांबून बघितलं तर कुणीतरी माणसंच पिळून टांगलीत असं वाटावं.

आधी एक फॉर्म भरायचा होता. दमा आहे का? हृदयविकार? कानाचं ऑपरेशन? सगळीकडे 'नाही' लिहिताना मला पहिल्यांदाच स्वतःच्या तब्येतीचा राग आला. एखादा बारीकसा दमा असता तर काय बिघडलं असतं!

मग वेटसूट. एक पोरगा वर ओढतोय, दुसरा खाली दाबतोय आणि मी मधे उड्या मारतोय. अभ्र्यात गादी कोंबायचा तो प्रकार दहा मिनिटं चालला. त्यात कळलं की ह्या सूटमध्ये पाणी शिरतंच, आणि ते आपल्याच अंगाने तापवायचं असतं. म्हणजे बंब भाड्याने घ्यायचा आणि लाकडं घरची.

डोळे-नाक झाकणारा काचेचा मास्क लावल्यावर मात्र माझा इन्स्ट्रक्टर गंभीर झाला. वय असेल बावीस.

"काका, ही मिशी..."

"काय तिचं?"

"थंयसून पाणी घुसतला."

मास्कची कड कातडीला चिकटून बसावी लागते. केस मधे आले की फट राहते. बायकोने पर्समध्ये हात घातला. रेझर काढते की काय म्हणून माझ्या पोटात गोळा आला, पण निघाली व्हॅसलिनची डबी. "ह्येनी मास्क खराब होता," पोरगा कुरकुरला, आणि मिशीकडे पुन्हा एकदा बघून त्याने स्वतःच बोटभर व्हॅसलिन थापलं. वर मास्कच्या काचेवर आतून थुंकायला सांगितलं. काच धुरकट होऊ नये म्हणून. शाळेत पाटीवर थुंकलो म्हणून छड्या खाल्ल्या होत्या, इथे त्याचेच पैसे मोजले.

किल्ल्याजवळ होडी थांबली आणि मला पाण्यात सोडण्यात आलं. "नाकान नको, तोंडान श्वास घेवा." तीन वर्षं मी सकाळच्या योगवर्गात नेमकं उलटं शिकतोय. अंगठा वर केला की 'मस्त' नव्हे, 'वर न्या'. हे मी विसरलो आणि दोनदा वर आलो. तिसऱ्यांदा त्याने माझा अंगठा हातात धरूनच ठेवला.

खाली जाताना आंबोली घाटात बसतात तसे कानांत दडे बसले. फरक एवढाच, की घाटात हजारभर फूट उतरावं लागतं, इथे दहा फुटांतच काम होतं. नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकली की कान सुटतात. सुटले. आणि समोर एकदम ते सगळं! काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे थेट काचेला येऊन भिडले, एक पोपटमासा खडक कुरतडत होता, आणि कपारीत एक गोबरा. हा ओळखीचा. हा मासा मला आजवर फक्त तळलेला भेटला होता. तो खालचा जबडा पुढे काढून, आमच्या जुन्या हेडक्लार्कसारखा, माझ्याकडे बघत होता.

मला हसू फुटलं आणि मास्कमध्ये पाणी आलं.

कारण हसलं की गालाला घडी पडते आणि मास्क सुटतो. मागून पोराने वरची कड दाबून धरली, मी नाकाने जोरात फुंकलं (आता नाक चालतं, बरं का), पाणी खालून निघून गेलं. पुन्हा गोबरा. पुन्हा हसू. पुन्हा पाणी. चौथ्या वेळी पोराने माझ्यासमोर येऊन दोन बोटांनी स्वतःचे ओठ खाली ओढून दाखवले. उरलेला वेळ मी दहाव्याला बसल्यासारखा चेहरा करून काढला. आयुष्यात इतकं सुंदर काही इतक्या दुःखाने बघितलं नव्हतं.

होडीत चढल्या चढल्या मी हात पसरून सांगितलं, "गोबरा एवढा होता!"

"हसू नकात म्हणून सांगितलंय ना, काका," पोरगा म्हणाला. "आणि पाण्यात सगळा मोठा दिसता. चार फूट दिसलो तर तीन धरूचो."

बायको गणिताची शिक्षिका आहे. "म्हणजे पाव वजा," ती म्हणाली, आणि तेव्हापासून ती माझ्या प्रत्येक गोष्टीतून पाव वजा करते, कोरड्या जमिनीवरसुद्धा.

संध्याकाळी व्हिडिओ आला. नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला. गोबरा त्यात कुठेच नव्हता. दोन मिनिटांत नाशिकच्या आत्याचा फोन, "अरे, घरी सगळं ठीक आहे ना?"

तिला समजावून मी थाळीकडे वळलो. सुरमईच्या पहिल्या घासाला व्हॅसलिनची चव लागली.