पबच्या तुळया जहाजांच्या नाहीत

इंग्लंडला जाऊन आलेली मंडळी खेड्यातल्या जुन्या पबचे फोटो टाकतात आणि खाली ठरलेली ओळ लिहितात: "या तुळया मोडीत काढलेल्या जहाजांच्या. काही तर 1588 साली फुटलेल्या स्पॅनिश आरमाराच्या." पुरावा काय, तर लाकूड वाकडं आहे, त्यात रिकाम्या खाचा आहेत आणि ते डांबरासारखं काळं आहे. निरीक्षणं बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र बहुतेक पबांच्या बाबतीत चुकीचा.

आधी वाकडेपणा. वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही, म्हणून सुतार तो ओलाच घडवत. घर उभं राहिल्यावर लाकूड वर्षानुवर्षं वाळत आणि पिळवटत गेलं. शिवाय काही झाडं बाकदार म्हणूनच निवडलेली असत. असं एक खोड उभं चिरलं की जुळ्या भावांसारखे दोन बाकदार तुकडे मिळत. ते समोरासमोर टेकवले की छप्पर पेलणारी कमान तयार.

खाचांचं उत्तर मला सगळ्यात आवडतं, कारण त्या वाचता येतात. तुळईच्या खालच्या अंगाला ओळीने भोकं दिसली, तर तिथे बहुधा भिंत होती. भोकांत काठ्या बसवायच्या, त्यांत फांद्या विणायच्या आणि वर माती, पेंढा, शेण लिंपायचं. आपल्या कोकणातला कूडच हा! भोकं शंकरपाळ्याच्या आकाराची असतील, तर तिथे बिनकाचेची खिडकी होती आणि त्यांत लाकडी गज उभे होते. जुनं घर पाडून त्याचं लाकूड नव्या घराला लावण्याचीही रीत होती. मग आधीच्या सांध्यांच्या खाचा तशाच उरत.

काळा रंग बऱ्याच ठिकाणी एकोणिसाव्या शतकातल्या हौसेचा. त्याआधी लाकूड उघडं राहून रुपेरी-करडं होई, नाहीतर भिंतीबरोबर त्यालाही चुना लागे.

आणि आरमार? सॉमरसेटमधल्या नॉर्टन सेंट फिलिप गावचा 'द जॉर्ज' हा पब बघा. खाली दगडी बांधकाम, वर रस्त्यावर पुढे आलेले लाकडी मजले. हे काम मुख्यतः पंधराव्या शतकातलं, म्हणजे आरमार निघण्याच्या कितीतरी आधीचं. गावही समुद्रापासून आत. अवजड ओंडके चिखलवाटांनी बैलगाडीतून इतक्या लांब कोण आणणार, जवळपास ओक उभे असताना?

जहाजाचं लाकूड इमारतीत कधीच गेलं नाही, असं मी म्हणत नाही. हॅम्पशरमधल्या विकम गावची चेसापीक गिरणी 1820 साली त्याच नावाच्या अमेरिकी युद्धनौकेच्या लाकडातून बांधली गेली. ससेक्समधल्या आल्फ्रिस्टनच्या 'द स्टार' या सराईच्या कोपऱ्यावर लाल सिंह आहे, तो डच जहाजाच्या पुढच्या टोकावरचा मानतात. पण तो सिंह बाहेर उभा केलेला आहे. आतली चौकट, म्हणजे इमारतीचा लाकडी सांगाडा, त्याच्या कितीतरी आधीची, सुतारांनी घडवलेली. अशा जुन्या चौकटींच्या सांध्यांजवळ छिन्नीने कोरलेले रोमन आकडे अनेकदा सापडतात. अंगणात जुळवून पाहिलेली चौकट जागेवर पुन्हा उभी करताना कुठला तुकडा कुठे बसवायचा, याच्या त्या सुतारांनी केलेल्या खुणा.