‘स्कीइंग केलंस का गं?’

ओस्लोत राहायला लागून नऊ वर्षं झाली. दर डिसेंबरात बर्फाचा पहिला फोटो टाकला की दोन प्रश्न ठरलेले. ‘थंडी किती?’ आणि ‘स्कीइंग केलंस का गं?’ पहिल्याचं उत्तर आकड्यात देता येतं. दुसऱ्याला मी आजवर ‘हो, केलं ना’ एवढंच म्हणत आले आणि दर वेळी आपण थोडं खोटं बोलतोय असं वाटत राहिलं. कारण विचारणारीच्या डोळ्यांसमोर जे असतं ते मी करत नाही, आणि मी जे करते ते तिच्या डोळ्यांसमोर नसतं. म्हणून आज जरा ऐसपैस लिहिते. चहा घेऊन बसा.

तिच्या डोळ्यांसमोर काय असतं ते मला नेमकं माहीत आहे, कारण माझ्याही तेच होतं. २००५ साली लग्नानंतर आम्ही मनालीला गेलो होतो. सोलंगच्या रस्त्यावर भाड्याच्या कोटांची दुकानं ओळीनं, प्रत्येकावर नंबर. ड्रायव्हरदादांनी त्यांच्या ठरलेल्या नंबरापाशी गाडी उभी केली. आधीच्या चाळीस जणींच्या घामाचा वास असलेला फरचा कोट आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट चढवले. वर गेल्यावर एका पोरानं पायाला पट्ट्या बांधल्या, दहा पावलं ओढत नेलं, सोडलं, आणि मी तिथेच बसले. फोटो निघाला. ‘हो गया, मॅडम.’ सासरच्या अल्बममध्ये तो फोटो अजून आहे. खाली दिरांच्या अक्षरात लिहिलंय, ‘स्कीइंग करताना’.

तर स्कीइंग म्हणजे उंच डोंगर, वरून खाली सुसाट येणं, रंगीत गॉगल आणि भरपूर पैसे, असं आपलं पक्कं डोक्यात बसलेलं असतं. माझं म्हणणं असं की आपण ही गोष्ट चुकीच्या टोकाकडून बघतोय. स्कीइंग हा मुळात चालण्याचा प्रकार आहे. उतार ही त्याची एक फांदी, तीही अलीकडची.

‘स्की’ हा शब्दच मुळी जुन्या नॉर्स भाषेतल्या चिरलेल्या लाकडाच्या शब्दावरून आलाय. कमरेएवढ्या बर्फात माणूस बुडतो, पायाखाली लांब फळी असली की वजन पसरतं आणि तो वर राहतो. एवढंच. शिकारीला जायचंय, लाकडं आणायचीत, पलीकडच्या वस्तीवर सुईणीला बोलवायचंय, मग बांधा फळ्या. उत्तर नॉर्वेतल्या त्रो बेटावर खडकात कोरलेला एक स्कीवाला आहे, सुमारे ५००० वर्षांपूर्वीचा. १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकची खेळांची चिन्हं त्याच्यावरूनच सुचली होती. २०१६ साली दोन पोरांनी ते चित्र ‘नीट दिसावं’ म्हणून खरवडून गिरवलं आणि कायमचं बिघडवलं. ती बातमी वाचली तेव्हा मला सज्जनगडाच्या वाटेवर बाण मारलेली बदामं आठवली. पोरं सगळीकडची सारखीच.

आणि हा श्रीमंतांचा खेळ म्हणाल, तर आधुनिक स्कीइंगचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो सोंद्रे नूरहाइम हा तेलेमार्कमधल्या मोर्गेदालचा गरीब कूळ होता. त्यानं लवचीक डहाळ्या पिळून टाच जखडणारं बांधणं काढलं, त्यामुळे वळताना आणि उडी मारताना फळी पायातून निसटेना. १८६८ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, तो गावाहून स्कीवरूनच राजधानीला आला आणि तिथली स्पर्धा जिंकून गेला. पुढे १८८४ मध्ये पोटासाठी अमेरिकेला गेला आणि तिकडच्या सपाट डाकोटात वारला. म्हणतात की दाराशी त्याच्या स्की कायम टेकवलेल्या असायच्या. सपाट माळावर त्या माणसानं काय केलं असेल त्यांचं? चाललाच असेल!

मला स्की शिकवली ती शेजारच्या आजींनी. वय तेव्हा ७१. इथे सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारतात, ‘अहो’ वगैरे भानगड नाही. माझी जीभ काही वळेना, म्हणून मी पहिलं वर्षभर त्यांना हाकच मारली नाही, नुसतं हसून वेळ मारून नेली. एका शनिवारी त्यांनीच दार वाजवलं. म्हणाल्या, ‘तू खिडकीतून बघत असतेस. चल.’ मी म्हटलं, माझ्याकडे सामान नाही. तर म्हणाल्या, ‘बुआकडे जाऊ.’ मला आधी वाटलं कुणी कीर्तनकार आहेत. बुआ ही इथली खेळाचं सामान उसनं देणारी व्यवस्था निघाली. स्की, काठ्या, बूट, सगळं फुकट. वापरा, पुसून परत आणा.

मेट्रोची एक नंबरची गाडी शहरातून निघते आणि चढत चढत फ्रोग्नरसेतेरेनला जंगलाच्या तोंडाशी सोडते. रविवारी सकाळी त्या डब्यात स्कींचं रान उभं असतं. कुत्री, पोरं, थर्मास, भिजलेल्या लोकरीचा वास. रविवारी पहाटे स्वारगेटहून सिंहगडाला निघालेली गाडी आठवा, फक्त आवाज वजा करा, कारण नॉर्वेजियन माणूस गाडीत बोलत नाही. शेवटच्या स्टेशनावर उतरून फळ्या बांधल्या की पुढे नूरमार्काचं जंगल. ओस्लोभोवतीच्या जंगलांत मिळून अडीच हजार किलोमीटरहून जास्त वाटा आखलेल्या आहेत. १८८३ साली स्थापन झालेली इथली स्की संघटना त्या राखते. रात्री यंत्र फिरतं आणि बर्फात दोन समांतर चऱ्या पाडून जातं. याला म्हणतात लॉइपे. आपण त्या चरीत पाय घालायचे आणि निघायचं. तिकीट नाही, पास नाही.

पहिल्या दिवशी मी अकरा वेळा पडले. आजी मोजत होत्या. उठायला कसं हेच त्यांनी आधी शिकवलं. मग उतारावर वेग कमी करायला टाचा बाहेर फाकवून पुढची टोकं जवळ आणायची, त्याला इथे ‘प्लूग’ म्हणतात, म्हणजे नांगर. मला फार गंमत वाटली. आमच्या घरी कोरेगावकडे नांगर होता, माझे आजोबा धरायचे, आणि त्यांची नात नॉर्वेत पायांचा नांगर करून बर्फ ओढत होती. चढावर उलटं करायचं. टोकं बाहेर, टाचा आत. मागे उमटतो तो माशाचा काटा, आणि इथलं नावही तेच, ‘फिस्केबाइन’.

खरी गोडी मात्र मेणाची आहे. हे न लिहिता पुढे जाता येणार नाही, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळा. स्की मधोमध कमानीसारखी उचललेली असते. त्या मधल्या भागाला मेण लावतात. एका पायावर पूर्ण भार दिला की कमान दबते, मेण बर्फाला लागतं, बर्फाचे कण त्यात रुततात आणि तुम्हाला पाऊल रेटता येतं. भार काढला की कमान उचलते आणि फळी घसरत पुढे जाते. म्हणजे एकाच फळीनं धरायचंही आणि सोडायचंही. आता बर्फ उणे पाचला वेगळं असतं, शून्याला वेगळं, कालचं आणि आजचंही वेगळं. उणे एक ते उणे सातच्या सुमाराला निळं मेण, त्याहून गार असेल तर हिरवं, शून्याच्या आसपास लाल किंवा जांभळं. चुकून कडक लावलंत तर चढावर जागच्या जागी पाय मागे जातात. मऊ लावलंत तर तळव्याला बर्फाची ढेकळं चिकटतात आणि उंच टाचांच्या चपला घातल्यासारखं घरी यावं लागतं. वितळून परत गोठलेल्या बर्फासाठी क्लिस्टर नावाचं मधासारखं चिकट प्रकरण आहे. ते एकदा माझ्या केसांत गेलं होतं, विषय संपवूया. आजी अंदाज घेतात तो थर्मामीटर न बघता, हातमोजा काढून बर्फ मुठीत दाबून. आमची आत्या पाकाची तार बोटांत बघायची तसं. एकतारी की दोनतारी हे पुस्तकातून येत नाही, हेही नाही.

हल्ली तळाला केसाळ पट्टी लावलेल्या स्की निघाल्यात, त्यांना मेण लागत नाही. माझ्याकडे आता त्याच आहेत. आजींनी बघून नाक मुरडलं.

लोक मात्र काय काय तऱ्हांनी जातात! बाप पुढे, कमरेला दोर, दोराला ढकलगाडीसारखी घसरगाडी आणि तिच्यात आठ महिन्यांचं बाळ गाढ झोपलेलं. पुढे कुत्रं बांधून त्याच्याकडून ओढून घेणारे. घट्ट कपड्यांत स्केटिंगसारखे पाय फेकत जाणारे, ज्यांच्या वाटेत आलात तर नुसत्या श्वासावरून तुमचा उद्धार होतो. चड्डी-बनियनवर उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्कीवर सराव करणारे. डोंगरात तळाला पट्टी चिकटवून स्वतःच्या पायांनी वर चढणारे आणि एकदाच खाली येणारे. ते प्रकरण हिमस्खलनाचं ज्ञान असलेल्यांसाठीच. आणि दिवा लावलेल्या वाटांवर संध्याकाळी ऑफिसातून येणारे. डिसेंबरात इथे सव्वानऊच्या सुमाराला उजाडतं आणि सव्वातीनला सूर्य गेलेला असतो. त्या काळोखात माणसं घरात बसली तर वेडी होतील असं मला पहिल्या वर्षी वाटलं होतं. मी स्वतः अर्धी झालेच होते. दिव्यांखालच्या त्या वाटेवर तासभर जाऊन आलं की भूक लागते, झोप लागते. डॉक्टरी दावा करत नाही, माझं सांगते.

एकदा आमच्या पुढे दोघं चालली होती. एकाच्या अंगात पिवळं जॅकेट, दुसरा सतत बोलत होता. ‘डावीकडे वळण, आता सपाट, आता उतार, सोड.’ मागचा माणूस आंधळा होता. उतारावर तो सुटला तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला, तो मात्र हसत होता. घरी येऊन वाचलं तर कळलं की बाइतोस्तोलेनला १९६४ पासून अंधांची आणि अपंगांची स्की स्पर्धा भरते, आणि ती सुरू करणारे एरलिंग स्तुरदाल स्वतः अंध होते. आपल्या अल्बममधल्या त्या फोटोत मला दोन डोळे होते आणि मी दहा पावलं गेले नव्हते.

राजाचं सांगायचं राहिलं. १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी चालवायला बंदी होती. राजे ओलाव स्की घेऊन सरळ लोकांच्या ट्राममध्ये चढले, जंगलात जायला. खिशातून पैसे काढून तिकीट मागतानाचा त्यांचा फोटो इथे घराघरांत माहीत आहे. मला तो आवडतो तो राजाच्या साधेपणासाठी नाही. साधेपणाचं कौतुक आपल्याकडे जरा अतीच होतं. मला आवडतं ते हे, की तेल संपलं, देश अडचणीत आला, तरी त्या माणसाला रविवारची स्की चुकवायची नव्हती.

आता उताराबद्दल. माझं त्याच्याशी वैर नाही. दोनदा गेले, पास काढताना छातीत कळ आली, लिफ्टनं वर आणि वीस सेकंदांत खाली, आणि परत रांगेत. मुलाला वेड आहे त्याचं, जातो मित्रांबरोबर. त्याचाही इतिहास मजेचा आहे. ‘स्लॅलम’ हा शब्द नॉर्वेजियनच, उतारावरची वाट अशा अर्थाचा. पण खांबांमधून वळत जायची आधुनिक स्लॅलम शर्यत १९२२ साली स्वित्झर्लंडच्या म्यूरनला भरवली ती अर्नोल्ड लन या इंग्रजानं, आणि तो जन्मला होता मद्रासमध्ये! ऑलिंपिकमध्ये चालण्याचं स्कीइंग आणि उडी १९२४ पासून आहे, उताराला १९३६ पर्यंत थांबावं लागलं. आजी हे सांगताना ‘थांबावं लागलं’वर जरा जोर देतात.

आपल्याकडेही उताराचंच चित्र आहे, आणि ते साहजिक आहे. गुलमर्गला डोंगरच तसा आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, काश्मीरचा आरिफ खान, तोही उताराचाच. गोंडोलानं, म्हणजे रोपवेनं, तिथल्या अफरवट डोंगरावर जाणाऱ्यांनी जरूर जावं. मला फक्त वाटतं की तिथल्याच सपाट कुरणावर दोन चऱ्या पाडल्या आणि फोटोवाल्या पोराऐवजी कुणी तासभर चालायला शिकवलं, तर आपल्या साठीच्या मावश्याही रमतील. माझी आई रमली. ६८ व्या वर्षी, फेब्रुवारीत, पंजाबी ड्रेसवर माझं जॅकेट घालून. अर्ध्या किलोमीटरला तिनं पाऊण तास लावला. मध्ये थांबून आजींना गुळपोळी दिली आणि आजींनी तिला संत्रं सोलून दिलं. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं.

एक काळजी आहे. आजी म्हणतात, त्यांच्या लहानपणी शहरातल्या अंगणातून स्की बांधून निघता यायचं. आता खालच्या भागात कित्येक आठवडे बर्फच टिकत नाही, पाऊस पडतो आणि चरी वाहून जातात. २०२० साली ओस्लोजवळ लोरेनस्कोगला छपराखाली स्की करायचा भला मोठा हॉल उघडला, बारा महिने बर्फ. मी ऑगस्टात एकदा जाऊन आले. बर्फ खरा होता, पण तासाभरानं मी घड्याळ बघत होते, जे जंगलात कधी होत नाही. मला तिथं काय चुकल्यासारखं वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. बहुधा वास.

तर या हिवाळ्यात कुणी येणार असाल तर बुटाचा नंबर आधी कळवा, बुआकडून आणून ठेवते. लोकरीचे मोजे दोन जोड आणा. डबा मी देईन, थंडीत ठेचा-भाकरी फार चांगली लागते, भाकरी मात्र कोटाच्या आत पोटाशी ठेवावी लागते, नाहीतर पापड होतो. आणि कृपा करून फरचा कोट आणू नका.