विचारून गेलात की संपलं

सभ्य माणसाला वाट मिळणं कायद्यानेच अवघड करून ठेवलं आहे, आणि हे मी डोंबिवली स्टेशनाबाहेरच्या फुटपाथबद्दल बोलत नाही. मी बोलतोय रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या वाटेबद्दल. पाखाडी उतरलं की अण्णांचं आगर, आगरात पोफळींमधून पायवाट आणि मग आमचं खळं. अण्णा आमचे भाऊबंद. कोकणातल्या वाचकाला यापुढचं सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. अण्णांचा मुलगा पुण्याहून आला, त्याने आगराला चिऱ्यांचं कंपाउंड घातलं, वाटेवर लोखंडी गेट बसवलं आणि गेटाला कुलूप. कारण विचारलं तर म्हणे, "वांदरांसाठी." वांदरं अजूनही येतात. कंपाउंडावर बसून आमची गंमत बघतात.

तालुक्याच्या वकिलांनी 1882चा सुविधाधिकार कायदा काढला. तो मुंबई इलाख्यात 1891 साली लागू झाला. आमचे पणजोबा तेव्हा याच वाटेने ये-जा करत असणार, पण त्यांना कुणी कळवलं नाही. दुसऱ्याच्या जमिनीतून जायचा हक्क वहिवाटीने मिळवायचा तर वीस वर्षं जावं लागतं. तेही उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि हक्काने. रात्री लपूनछपून गेलात तर ती वर्षं धरत नाहीत. भांडून, जबरदस्तीने गेलात तरी नाहीत. आणि विचारून गेलात तर मुळीच नाहीत, कारण मग ती नुसती परवानगी ठरते. आज दिली, उद्या काढून घेतली. न विचारता, न भांडता, भरदिवसा आणि हक्काने दुसऱ्याच्या घरात शिरणारा माणूस मी तरी एकच पाहिलाय, तो म्हणजे जावई. इंग्रजांनी कायदा करताना कुणाचा जावई डोळ्यांपुढे ठेवला होता, देव जाणे.

"वाट किती वर्षं वापरताय?" वकिलांनी आईला विचारलं.

"लग्न होऊन आले तेव्हापासून. त्याआधी सासूबाई."

वकील खूश. "आणि जाताना विचारायचात की न विचारता जायचात?"

आई ताठ बसली. "म्हणजे काय? विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या आगरात पाऊल टाकायचं वळण नाही आमच्याकडे."

वकिलांनी पेनाला टोपण लावलं.

मग मी सांगितलं की पणजोबा आणि अण्णांचे आजोबा सख्खे भाऊ, जमीन मुळात एकच होती. टोपण पुन्हा निघालं. वाटणी झाल्यावर एका हिश्श्यात दुसऱ्यातून गेल्याशिवाय पोचताच येत नसेल, तर गरजेपोटी वाट मिळते. "दुसरी वाट नाही ना?" आहे, मागच्या वहाळातून. पावसात कमरेएवढं पाणी, एरवी घसरण आणि फुरशी बारमाही. "पण आहे ना?" वकील म्हणाले. दुसरी वाट असली की गरज संपते. गैरसोय म्हणजे गरज नव्हे, आणि फुरशांबद्दल कायद्यात कलम नाही.

तहसीलदारांचाही विचार झाला. महसूल संहितेच्या कलम 143 खाली ते बांधावरून वाट देतात, पण ती शेतात जायला. आम्हाला जायचं होतं घरात. 1906चा मामलेदार कोर्टाचा कायदा अडथळा काढायला आहे, तोही शेतीवाडीच्या वाटांचा, आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज हवा. भावकीत सहा महिने "हा विषय काढावा की नको" यातच जातात. शेवटी सातबारा पाहिला. 'इतर हक्क' रकान्यात आजोबांच्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा अजून ठाण मांडून आहे. कर्ज फिटलं, आजोबाही गेले, बोजा राहिला. वाटेचा मात्र उल्लेख नाही.

वकिलांनी निघताना बजावलं, "इथून पुढे काही झालं तरी विचारायचं नाही."

घरी आलो. आईने फणसाची भाजी केली होती, ती अण्णांना द्यायची म्हणून भांडं घेऊन निघाली. मी मागून खुणा करतोय, हात जोडतोय. ती गेटापाशी उभी राहिली आणि तिने खणखणीत आवाजात हाक मारली, "अण्णा, येऊ का हो?"

अण्णा किल्ली घेऊन धावत आले. "या की वैनी! विचारताय काय? तुमची वाट काय आजची आहे?"

मी तिथूनच वकिलांना फोन लावला. ते जवळजवळ ओरडलेच, "अहो, ही तर कबुली झाली! साक्षीदार कोण?"

मी कंपाउंडाकडे पाहिलं. "वांदरं."

"मग लेखी घ्या त्यांच्याकडून. नोंदणी करून घ्या, ताबडतोब."

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पुन्हा विचारायचंच ना?"