जरा तेल लावा ना!

जुन्या चामड्याचा नाद असलेल्या माणसाला नागपुरात दोन वैरी. एक मे महिना आणि दुसरे तेल सुचवणारे लोक. मे निदान घरी येऊन आग्रह तरी करत नाही.

माझ्याकडे काडतुसांचे पट्टे आहेत, खांद्यावरून तिरके घालायचे. शिवाय काही कमरपट्टे आणि पितळी बकलं. बंगाल-नागपूर रेल्वेतले गोरे अन् अँग्लो-इंडियन नोकर फावल्या वेळात कवायत करायचे. अशा हौशी पलटणींना पुढे १९२० च्या कायद्याने 'ऑक्झिलियरी फोर्स' हे भारदस्त नाव मिळालं. त्या काळातला हा पसारा. शेजारी विचारतात, "लायसन आहे ना?" लायसन काडतुसाला लागतं हो, रिकाम्या कप्प्यांना नाही.

इतवारीतल्या एका कबाड्याने मला ब्रिटिश फौजेच्या १९०३ च्या नमुन्याचा पट्टा "रघूजीराजांचा आहे साहेब" म्हणून दाखवला. आतल्या बाजूला ठसा १९१५ चा. नागपूरचे भोसले राजे तिसरे रघूजी १८५३ सालीच वारले. "राजे फार दूरदृष्टीचे होते," मी म्हणालो. भाव तरी उतरला नाही, पट्टा मात्र घरी आला.

त्याला पाच कप्पे, एकेकात .३०३ रायफलची दहा काडतुसं मावतात. झाकण उचललं की बोटांना विटकरी भुकटी लागते. झाडांच्या सालीत कमावलेलं त्या काळचं चामडं हवेतला गंधकाचा धूर पीत राहिलं, की आतून आंबट होतं आणि झडू लागतं. झडलेलं परत येत नाही. सोफ्यावरची भुकटी पाहून सासूबाई म्हणाल्या, "भिवापुरी तिखट कोनं सांडवलं?" आणि बोट लावून चाखायला निघाल्या. मी वेळेवर हात धरला.

मग सुरू झालं. "वाळून राहिलं ना हे, जावाईबापू! जवसाचं तेल लावा." गावच्या घाण्याचं तेल, बाटलीभर, सोबतच आणलेलं! चित्रकार हेच तेल रंगात घालतात, कारण ते वाळून कडक पापुद्रा धरतं. पट्ट्याला लावलं तर महिन्याभरात त्याचं लाकूड व्हायचं. काकांचा हट्ट मोहरीच्या तेलाचा, मोची लाल पॉलिशवर अडलेला. झाकणाच्या पितळी बटणाभोवती हिरवा मेणचट थर आहे, त्याला सगळे बुरशी म्हणतात. ती बुरशी नाही. चामड्याला चोपडलेल्या तेलातली आम्लं पितळेला लागली की असंच होतं. म्हणजे १९१५ नंतर कुणाची तरी सासू या पट्ट्याला भेटून गेलेली आहे.

कूलरचं तर विचारूच नका. असं झडकं चामडं ओलं झालं की काळं पडून आखडतं. म्हणून पट्ट्यांच्या खोलीत कूलर नाही, आणि पाहुण्यांची खोलीही तीच. शेहेचाळीस डिग्रीत रात्र काढून सासूबाई सकाळी बाहेर आल्या, बाटली हातातच.

"आई, पट्ट्याला तेल चालत नाही," मी हात जोडले.

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पट्ट्याले नाही तं नाही. तुमच्या डोक्याले तरी लावा."