गरबा संपला, पण क्लास काही संपत नाही

2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला झाला, दिवाळी झाली, तुळशीचं लग्नसुद्धा लागलं. तरी आज सोमवारी सकाळी संगणकावरचा अजेंडा, म्हणजे दिवसाच्या कामांची यादी, उघडला तर ओळ हजर: 'मुलीचा गरबा क्लास, संध्याकाळी 6'. आख्ख्या बडोद्यात या दिवसांत गरब्याचा क्लास चालू नसतो हो! नवरात्र बसलं 22 सप्टेंबरला, क्लास त्याच्या आदल्या शुक्रवारी संपला. जुलैत नाव घातलं तेव्हाच ती तारीख मला ठाऊक होती. फक्त ती लिहायला जागा नव्हती.

मी यासाठी ऑर्ग मोड वापरते, म्हणजे ईमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममधली कामं आणि वेळा टिपायची सोय. साध्या मजकुराची फाईल, सगळं आपल्या हातात, म्हणून जीव आहे माझा त्याच्यावर. आणि म्हणूनच संताप होतो. तारखेपुढे 'अधिक एक आठवडा' अशी खूण केली की दर आठवड्याला ओळ येते. कधीपर्यंत? कायम. 'अमुक तारखेपर्यंत' असं त्या खुणेत सांगताच येत नाही. कॅलेंडरच्या फाईलींचं जे प्रमाण 1998 साली ठरलं, त्यात 'या तारखेपर्यंत' आणि 'इतक्या वेळा' हे दोन्ही होतं. ऑर्ग मोड आलं 2003 साली. पाच वर्षं आधी सुटलेला प्रश्न होता हा!

उपाय आहेत म्हणे. एक, नोंदीच्या प्रती काढा. आईच्या फिजिओथेरपीच्या 12 सिटिंगच्या मी 12 प्रती काढल्या. डॉक्टरांनी मंगळवारचा बुधवार केला आणि उरलेल्या प्रतींमधल्या तारखा एकेक करून बदलत बसले. दुसरा, ऑर्ग-क्लास, म्हणजे ठरावीक मुदतीच्या क्लाससाठी ऑर्ग मोडमधलंच एक सूत्र. कंसात लिस्प (ईमॅक्सची प्रोग्रॅमिंगची भाषा) लिहायचं: सुरुवातीचं वर्ष, महिना, दिवस, मग शेवटचं वर्ष, महिना, दिवस, मग वाराचा आकडा, रविवार म्हणजे शून्य. गरबा सोमवार, बुधवार, शुक्रवार, म्हणजे अशा तीन ओळी. बरं, त्याच्याच शेजारचं डायरी-ब्लॉक, म्हणजे अमुक ते तमुक तारखेपर्यंत रोज ओळ दाखवणारं सूत्र, मुळात अमेरिकन पद्धतीचं, महिना आधी घेणारं. मी 1 जुलै म्हणून 1, 7 लिहिलं, त्याने 7 जानेवारी धरलं. मुलीच्या क्लासची वेळ टिपायला आईने लिस्प शिकायचं का?

कुणी म्हणेल, संपलं की पुसून टाक, एवढं काय त्यात. एवढंच नाही ना ते! प्रती काढून दमले म्हणून फिजिओच्या पुढच्या कोर्सला मी साधी आठवड्याची खूण केली. कोर्स संपला, ओळ राहिली. दर शुक्रवारी वर मेलेला फिजिओ, खाली मेलेला गरबा. डोळ्यांना सवय लागली, शुक्रवार आला की नजर तेवढ्या ओळी ओलांडून पुढे जायची. गेल्या शुक्रवारी त्या दोघांच्या मधे एक खरी ओळ होती: 'आई, हाडांचे डॉक्टर, 11:30'. मी तीही ओलांडली. दुपारी दांडिया बाजारातून भाजी घेऊन घरी आले तर आई नेसून, फाईल मांडीवर घेऊन बसलेली. "अगं, आज दाखवायला जायचं होतं ना?" गुडघा दुखत असताना ती दोन तास तशीच बसून होती. पुढची वेळ मिळाली तीन आठवड्यांनंतरची.

खुणेच्या शेवटी एक तारीख लिहायची सोय द्या. दहा अक्षरं लागतात, वर्ष, महिना, दिवस आणि मधल्या दोन रेघा. मुलीच्या शिकवणीची ओळ घालायची आहे, ती मार्चमध्ये संपते, आणि मी अजून ती घातलेली नाही.