खण कुठला, पुस्तक कुठलं

२०२५च्या जानेवारीत 'छावा' चित्रपटाचा ट्रेलर आला आणि आमच्या माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला आठवडाभर दुसरा विषय उरला नाही. संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखवले, ते बरोबर की चूक? दादा म्हणाला, "आधी शिवाजी सावंतांची कादंबरी काढून बघ, मग बोल." वहिनीने विचारलं, "कादंबरी म्हणजे काय अस्सल कागद झाला का?" त्यावर काकांनी नुसतेच हात जोडलेले तीन इमोजी टाकले. म्हणजे विषय थांबवा. पुढे दिग्दर्शकांनी तो प्रसंग काढून टाकला, चित्रपट धो-धो चालला आणि ग्रुप पुन्हा शुभ सकाळच्या फुलांवर आला. वहिनीच्या प्रश्नाला उत्तर मात्र कुणीच दिलं नाही.

मला तो प्रश्न इथे जर्मनीत, स्टुटगार्टच्या ग्रंथालयात हमखास आठवतो. २०११ साली उघडलेली ही इमारत म्हणजे बाहेरून एक मोठा चौकोनी ठोकळा. चार बाजूंना जर्मन, इंग्रजी, अरबी आणि कोरियन या चार भाषांत 'ग्रंथालय' असं लिहिलंय. (मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत, मग एक बाजू मराठीला द्यायला काय हरकत होती, असं आमच्या गणपतीत दर वर्षी कुणीतरी म्हणतंच.) आत सगळं पांढरंशुभ्र. साहित्य एका मजल्यावर आणि इतिहास वेगळ्या मजल्यावर. ऐतिहासिक कादंबरी हवी असेल तर ती कादंबऱ्यांतच शोधायची. शिवाय अशा बऱ्याच कादंबऱ्यांच्या शेवटी लेखक दोन-चार पानांत कबुली देतो: अमुक माणूस खरा, तमुक मी रचला, ही लढाई दोन वर्षं अलीकडे ओढली. कबुली दिल्याने कादंबरीची गोडी कमी झाल्याचं मला तरी कधी जाणवलं नाही.

आपल्याकडे ते चार पानांचं प्रकरण अजून रुजलेलं नाही. वा. सी. बेंद्र्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं कागद धुंडाळून १९६० साली संभाजी महाराजांचं चरित्र उभं केलं. त्याआधी नाटकांतून त्यांची बदफैली अशीच प्रतिमा रंगवलेली होती, ती पुसायला सुरुवात झाली ती या कामाने. सावंतांची 'छावा' आली १९७९ साली, म्हणजे रस्ता बराचसा साफ झाल्यावर. आमच्या ग्रुपवर कादंबरी तिघांच्या घरी निघाली, बेंद्रे एकाच्याही नाही. माझ्याही नाही, हे मी तिथे लिहिलं नाही.

सावंतांवर माझा राग नाही. सोळाव्या वर्षी 'मृत्युंजय' वाचून मी उशी भिजवली होती. चाळिशीत पुन्हा हातात घेतली, तेव्हा पन्नास पानांपुढे जाता आलं नाही. सहा जण आळीपाळीने आपापली कहाणी सांगतात आणि सहाही जण एकाच आवाजात बोलतात. कर्णही उपमा देतो, कुंतीही देते, दुर्योधनालाही उपमेवाचून राहवत नाही. गंमत म्हणजे इरावती कर्व्यांचं 'युगान्त' त्याच वर्षीचं, १९६७चं. तेच महाभारत, पण बाई माणसांकडे अशा बघतात की एकालाही देव्हाऱ्यात बसता येत नाही. दोन्ही पुस्तकं आमच्या घरी एकाच फळीवर होती. एक कव्हर फाटेपर्यंत वाचलं गेलं, दुसऱ्याला कोरेपणाचा वास शेवटपर्यंत होता. मला आज 'युगान्त' जवळचं वाटतं, पण सोळाव्या वर्षी कुणी हातात दिलं असतं तर मी ते परत ठेवलं असतं, हेही खरं.

रहस्यकथांचं दुखणं याच्या उलट. नाशिकला आमच्या गल्लीत एक खाजगी लायब्ररी होती, महिन्याला ठरावीक पैसे आणि रोज एक पुस्तक. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, गुरुनाथ नाईक, नारायण धारप, सुहास शिरवळकर, सगळे तिथे. लायब्ररीवाले काका पुस्तक देताना चष्म्यावरून बघत आणि विचारत, "वडलांना माहीत आहे ना?" वडलांना माहीत होतं, कारण धारप तेच वाचत, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. ते शाळेत शिक्षक होते. कव्हर माझ्यापासून लपवायला नव्हतं, घरी येणाऱ्या सहशिक्षकांपासून होतं. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली आणि ज्या घरांत दुसरं काही शिरलं नाही तिथे ती शिरली. पण मराठी साहित्याच्या इतिहासाच्या जाडजूड खंडात हा माणूस शोधायला सूचीतून बोट फिरवावं लागतं.

इथे रविवारी रात्री सव्वाआठला अर्धा देश टीव्हीवर 'टाटोर्ट' बघत असतो, १९७०पासून. म्हणजे 'गुन्ह्याची जागा'. दर आठवड्याला वेगळ्या शहरात खून. आमच्या स्टुटगार्टचेही स्वतःचे दोन तपास-अधिकारी आहेत आणि सोमवारी ऑफिसात त्यांच्यावर गंभीर चर्चा होते. दोन वर्षांपूर्वी लेकीला शाळेत स्विस लेखक ड्यूरेनमाटची कादंबरी लावली होती, न्यायाधीश आणि त्याच्या जल्लादाची. पन्नासच्या दशकातली, मुळात पाक्षिकातून क्रमशः आलेली, चक्क खुनाची गोष्ट. पोटाच्या दुखण्याने खंगलेला म्हातारा पोलीस अधिकारी बेर्लाख एका जुन्या हिशेबासाठी कायदा वाकवतो. परीक्षेतला प्रश्न असा: "बेर्लाखने केलं तो न्याय का?" पोरीने चार पानं लिहिली. मला शाळेत धड्याखाली 'लेखकाने कोणता संदेश दिला आहे' विचारायचे, त्याला मी चार ओळींवर कधी लिहिलं नाही.

धारपांचं एक सांगून ठेवते. मी त्यांचे भयकथांचे चार-पाच संग्रह इकडे आणले आणि ते इथे चालत नाहीत. भिंतीत हीटर, खिडकीला दुहेरी काच, दिवे कधी जात नाहीत. धारपांना माजघर लागतं, जिन्याखालची अडगळ लागते, आणि मुख्य म्हणजे घरात एक अशी म्हातारी लागते जिच्या खोलीत मुलांना जाऊ देत नाहीत. सुट्टीत नाशिकला गेले की तेच पुस्तक पुन्हा काम करतं.

विज्ञानकथेला आपल्याकडे मान मिळाला, पण तो कथेपेक्षा लेखकाच्या पदव्यांना मिळाला असं मला वाटतं. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' पाठवली, ती स्वतःच्या नावाने नव्हे. आद्याक्षरं उलटी फिरवून नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं, आणि पहिला नंबर आला. मला हा किस्सा त्यांच्या बऱ्याच कथांपेक्षा आवडतो. २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं तेव्हा आमच्या घरी पेढे आले होते. पण कथा म्हणून त्या मला कोरड्या वाटतात. पात्रं फळ्यासमोर उभं राहून बोलतात. हे मी एकदा इथल्या मराठी मंडळीत बोलले आणि दोन इंजिनिअर माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

प्रवासवर्णनाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. 'अपूर्वाई' १९६०ची, तेव्हा विलायत म्हणजे खरोखर अपूर्वाई होती. आता प्रत्येक सोसायटीतून एक मुलगा बाहेर आहे आणि त्याची आई तीन महिने राहून आलेली आहे. ती सांगते तेच प्रवासवर्णन.

जिथे माझं मन अडतं ते म्हणजे आत्मचरित्र. मराठीने जगाला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी अभिजात दर्जाचं सर्टिफिकेट काढणार नाही, 'स्मृतिचित्रे' आणि 'बलुतं' पुढे ठेवीन. लक्ष्मीबाई टिळकांसारखं स्वतःच्या फजितीवर हसणारं पुस्तक मला जर्मनमध्ये अजून भेटलेलं नाही. आणि १९७८चं 'बलुतं'! लेखक दया पवार आणि आतला दगडू मारुती पवार समोरासमोर येतात आणि दगडू बोलायला लागतो. मागे एकदा इथल्या मैत्रिणींना मी त्याची सुरुवात तोंडी भाषांतर करून ऐकवली. एकीने विचारलं, "हे तुमच्याकडे कुठल्या विभागात ठेवतात?" मी म्हटलं, "दलित साहित्य." ती म्हणाली, "आत्मचरित्रात नाही?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. ते नाव लेखकांनी स्वतः मिळवलंय, लढून मिळवलंय, हे तिला सांगायला हवं होतं. पण त्याच नावाची पाटी लावून आपण तो खण वेगळा काढला आणि 'ते अभ्यासक्रमाचं' म्हणून त्याच्याकडे जायचं टाळलं, हेही सांगावं लागलं असतं. आमच्या घरी 'बलुतं' आलं ते दादाच्या एम.ए.च्या वेळी. परीक्षा झाल्यावर विकलं गेलं.

आता इथे राहून तिकडच्यांना शहाणपण शिकवणाऱ्यांचं मला भय वाटतं, तर इथलंही ऐका. जर्मनांकडेही उच्चनीच आहेच. 'ई' म्हणजे गंभीर आणि 'यू' म्हणजे करमणुकीचं, अशी दोन अक्षरी वर्णव्यवस्था त्यांनी संगीतात आणि पुस्तकांत पक्की केली आहे. आणि नीट लावलेल्या खणांचा एक तोटा मला उशिरा कळला. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी तीस वर्षं फक्त क्रिमी, म्हणजे गुन्हेकथा, वाचतो. चांगला वाचक आहे, आठवड्याला एक. पण तो त्या भिंतीपासून कधी चार पावलं डावीकडे गेलेला नाही. त्याला जावंच लागत नाही.

आपल्याकडे ते व्हायचं नाही, कारण दिवाळी अंक. १९०९ला 'मनोरंजन'ने पहिला काढला तेव्हापासून एकाच कव्हरात कथा, कविता, ऊसदरावरचा लेख, व्यंगचित्रं, भुताची गोष्ट आणि शेवटी राशिभविष्य. भूत शोधत गेलेला माणूस वाटेत कवितेला अडखळतो. मी अरुण कोलटकर पहिल्यांदा वाचला तो अशाच एका अंकात, पान चुकून.

स्टुटगार्ट आणि आसपासच्या आम्हा सहा घरांत म्हणून एक कापडी पिशवी फिरते. नोव्हेंबरात जो कुणी भारतातून येईल त्याने अंक आणायचे. तेवीस किलोंत चकली किती आणि अंक किती यावर दर वर्षी त्या घरात भांडण होतं. चकली संपते, पिशवी मात्र जूनपर्यंत फिरते. कुणी कविता वाचल्या, कुणी नाहीत, ते पानांच्या दुमडलेल्या कोपऱ्यांवरून समजतं. यंदा माझ्याकडे पिशवी पाचव्या नंबरला आली. नारळीकरवाल्या इंजिनिअरच्या घरून. भुताच्या गोष्टीवर चहाचा डाग होता आणि एका अंकातलं तूळ ते मीन भविष्याचं पान कुणीतरी व्यवस्थित कात्रीने कापून घेतलं होतं. त्या घरात दोघेही वृश्चिकेचे आहेत, एवढं मला पक्कं माहीत आहे.