‘भावना सांभाळा, थकणार नाही’ म्हणे!

मिरजेतल्या आमच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड पुन्हा आलाय. सार असं : डॉक्टर कामाने थकत नाहीत, भावनिक बुद्धिमत्ता (आपल्या आणि समोरच्याच्या भावना ओळखून सांभाळायची हातोटी) कमी पडते म्हणून थकतात, ती वाढवली की बर्नआउट, म्हणजे मनाने-शरीराने पार गळून जाणं, होत नाही, जुने डॉक्टर नाही का रात्रंदिवस राबायचे!

‘कामाने नाही’ हे पहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली ती कामाच्या ठिकाणच्या सततच्या, नीट न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था अशी. त्याला आजारसुद्धा म्हटलेलं नाही. मग स्वभावदोष कुठून आला?

आता भावनिक बुद्धिमत्ता. ती लागतेच, नाही कोण म्हणतं? रेसिडेन्सीत, म्हणजे हॉस्पिटलात काम करत पुढचं शिक्षण घेताना, नाइट ड्युटी लागली होती. पहिल्या रात्री अथणीकडच्या एक आजी कॅज्युअल्टीबाहेर बसून होत्या, आजोबा आत. शेजारी टेकलो, मोडक्या कन्नडमध्ये ‘ऊट आयता?’ विचारलं. जेवल्या नव्हत्या. सिस्टरांनी चहा-बिस्किटं दिली. तिसऱ्या रात्री तशाच एका आजींना ‘बाहेर थांबा’ एवढंच म्हणालो, केसपेपरवरून मानही वर केली नाही. आत त्यांचे यजमान माझ्या लेखी ‘बेड सात’ झाले होते. दोन रात्रींत माझी बुद्धिमत्ता आटली? झोप आटली होती. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग १२ तास, आठवड्याला ४८ तास असं लिहिलंय. आमची सलग ड्युटी ३६ तासांची असे.

आणि गंमत बघा. १९७४ साली फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने बर्नआउटवर लिहिलं ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांना बघून, स्वतःलाही त्यात धरून. जीव ओतून काम करणारेच आधी जळतात, असं त्याचं म्हणणं. म्हणजे फॉरवर्डच्या नेमकं उलट!

जुन्या डॉक्टरांबद्दल काय बोलायचं? ते कुरकुरले नाहीत की त्यांना कुणी विचारलंच नाही, हे त्यांच्या घरच्यांना विचारा.

एका हॉस्पिटलने मध्यंतरी आमच्यासाठी याच विषयावर कार्यशाळा ठेवली, रविवारी सकाळी नऊला. निम्मे नाइट करून थेट आलेले. पाहुणे म्हणाले, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या. पाचव्या मिनिटाला मागच्या रांगेतून घोरण्याचा आवाज आला. पाहुणे हसले, पण उठवायला कुणीच गेलं नाही.